२४ व्होल्टचा सेन्सर, ३.३ व्होल्टची पिन: ऑप्टोकप्लर नीट कसा जोडायचा

ऑप्टोकप्लरचं गणित अवघड नाही. आत एक एलईडी, त्याच्या उजेडाने चालू होणारा एक फोटोट्रान्झिस्टर, बाहेरून दोन रेझिस्टर. ओहमचा नियम येणारा कोणीही ते कागदावर मांडू शकतो. तरीही बोर्डावर ऑप्टोकप्लर आहे पण आयसोलेशन (म्हणजे दोन बाजूंमध्ये विजेची थेट वाट नसणं) नाही, अशी सर्किटं जागोजागी दिसतात. तो चार पायांचा काळा तुकडा दोन बाजू वेगळ्या ठेवायची सोय करून देतो, एवढंच. त्या खरोखर वेगळ्या राहतात की नाही, हे वायरिंग ठरवतं. म्हणून या लेखात रेझिस्टरच्या हिशेबाइतकीच जागा ग्राउंडच्या वायरीला दिली आहे.

उदाहरण एकच धरू. वर्कशॉपमधल्या एका मशीनवर २४ व्होल्टचा पीएनपी प्रॉक्सिमिटी सेन्सर आहे. त्याच्या तीन वायरी: तपकिरी म्हणजे प्लस, निळी म्हणजे मायनस, काळी म्हणजे आउटपुट. समोर धातू आला की काळ्या वायरीवर साधारण २४ व्होल्ट येतात. आपल्याला ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड वापरून नग मोजायचे आहेत. ईएसपी३२ची पिन ३.३ व्होल्टची, तिला ५ व्होल्टही चालत नाहीत. त्यातून त्याच पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे मोठे रिले) आहेत, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे, म्हणजे विजेचा आवाज, नॉइज, भरपूर. हातात घ्यायचा ऑप्टोकप्लर पीसी८१७. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो कुठल्याही दुकानात मिळतो. ईएल८१७ किंवा एलटीव्ही८१७ हातात दिला तरी हरकत नाही, पाय तसेच आहेत.

आधी विचारा: लागतो का?

सेन्सर, कंट्रोलर आणि त्यांचा सप्लाय हे सगळं एकाच छोट्या डब्यात, एकाच अडॅप्टरवर चालत असेल, तर ऑप्टोकप्लरने फार काही साधत नाही. तिथे दोन रेझिस्टरचा डिव्हायडर आणि एक झेनर पुरतो. ऑप्टोकप्लर लागतो तो तीन ठिकाणी. एका बाजूला २३० व्होल्ट असतील तेव्हा. दोन उपकरणांचे सप्लाय वेगळे आहेत आणि त्यांच्यातून लांब वायर जाते तेव्हा. आणि एका बाजूला मोटर किंवा कॉन्टॅक्टरसारखा भार चालू-बंद होतो, त्याचे झटके दुसऱ्या बाजूच्या ग्राउंडमध्ये यायला नको असतात तेव्हा.

संगीतवाल्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. १९८३ साली आलेल्या मिडी जोडणीत, म्हणजे कीबोर्ड आणि सिंथेसायझर एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीत, सिग्नल घेणाऱ्या उपकरणात ऑप्टोकप्लर असलाच पाहिजे अशी अट आहे. दोन उपकरणांचे ग्राउंड एकमेकांना भिडले की स्पीकरमधून हम्म आवाज येतो, तो टाळायला. तुमच्या मोबाइल चार्जरच्या आतही बहुधा एक असतो. आउटपुटचे व्होल्ट किती झाले ही बातमी २३० व्होल्टच्या बाजूला तोच पोचवतो.

पायरी १: कागदावर मधोमध रेघ मारा

सर्किट काढण्याआधी कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे मशीनची बाजू, उजवीकडे ईएसपी३२ची. आता प्रत्येक वस्तू कुठल्यातरी एका बाजूला लिहा. सेन्सर डावीकडे, २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, डावीकडे. ईएसपी३२ उजवीकडे, त्याचा ५ व्होल्टचा अडॅप्टर उजवीकडे. रेघेवर फक्त ऑप्टोकप्लर. दोन मायनसना दोन वेगळी नावं द्या, म्हणजे पुढे सोल्डर करताना हात आपोआप थांबतो. मी डावीकडच्याला ‘मशीन मायनस’ आणि उजवीकडच्याला ‘बोर्ड ग्राउंड’ म्हणेन.

इथेच पहिला घोळ होतो. पॅनेलमध्ये २४ व्होल्ट आहेतच, मग वेगळा अडॅप्टर कशाला, असं म्हणून लोक एलएम२५९६चं बक मॉड्युल लावतात आणि त्या २४चे ५ करून ईएसपी३२ला देतात. त्या मॉड्युलवर इनपुटचा मायनस आणि आउटपुटचा मायनस ही एकच तांब्याची पट्टी आहे. झालं, रेघ पुसली गेली. सर्किट चालेल, व्होल्टची पातळीही बदलून मिळेल, पण दोन बाजू वेगळ्या नाहीत. २४ व्होल्टवरूनच चालवायचं असेल तर आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या. बी०५०५एससारखी छोटी १ वॅटची मॉड्युलं ५ व्होल्ट घेऊन ५ व्होल्टच देतात, पण मायनस वेगळा ठेवून. वायफाय चालू असताना ईएसपी३२ अधूनमधून दणकून करंट ओढतो, त्याला १ वॅट अपुरा पडतो. म्हणून मोठ्या वॅटचं शोधा किंवा सरळ चांगला मोबाइल चार्जर लावा. चार्जर मुळातच आयसोलेटेड असतो.

पायरी २: एलईडीची बाजू

पीसी८१७च्या अंगावर एका कोपऱ्यात ठिपका असतो, तो पाय १. हा एलईडीचा प्लस. त्याच बाजूला खाली पाय २, एलईडीचा मायनस. समोरच्या बाजूला पाय ३ म्हणजे एमिटर आणि पाय ४ म्हणजे कलेक्टर. पाय १च्या समोर ४ येतो.

एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट पडतात. डेटाशीटमध्ये, म्हणजे पार्टच्या माहितीपत्रकात, सीटीआर हा महत्त्वाचा आकडा (पायरी ३मध्ये बघू) ५ मिलिअँपला मोजलेला असतो, म्हणून आपणही तेवढाच करंट धरू. २४ वजा १.२ म्हणजे २२.८, त्याला ५ मिलिअँपने भागलं की ४.५६ किलोओहम. बाजारात मिळतो ४.७ किलोओहम. सेन्सर स्वतः एक-दोन व्होल्ट खातो, त्यामुळे प्रत्यक्षात करंट ४.४ मिलिअँपच्या आसपास येईल. चालेल. रेझिस्टरमध्ये जेमतेम ०.११ वॅट उष्णता होते. पॅनेलचा सप्लाय कधी २८ व्होल्टपर्यंत चढला तरी ०.१५, म्हणजे पाव वॅटचा पुरेसा आहे.

जोडणी: काळी वायर ४.७ किलोओहममधून पाय १ला. पाय २ मशीन मायनसला. पाय १ आणि २च्या मध्ये एक १एन४१४८ डायोड उलटा लावा, त्याची पट्टीची बाजू पाय १कडे. एलईडीला उलटे ६ व्होल्टच सोसतात, आणि साईटवर कोणीतरी वायरी अदलाबदल करणारच.

सेन्सर दोन वायरींचा असेल तर आणखी एक रेझिस्टर लागतो. दोन वायरींचा सेन्सर ‘बंद’ असतानाही थोडा करंट सोडतो, कारण त्याचं स्वतःचं पोट त्यावरच भरतं. तेवढ्या करंटवरही ऑप्टोकप्लर अर्धवट चालू होऊ शकतो. पाय १ आणि २च्या मध्ये १ किलोओहम टाका. मग पहिला १ मिलिअँप त्या रेझिस्टरमधून निघून जातो आणि एलईडी अंधारातच राहतो. चालू असताना एलईडीचा करंट सव्वा मिलिअँपने कमी होईल, तेवढं पुढच्या हिशेबात धरा.

पायरी ३: ट्रान्झिस्टरची बाजू, आणि सीटीआर नावाची खरी अडचण

एलईडीतून जितका करंट गेला त्याच्या किती टक्के पलीकडचा ट्रान्झिस्टर ओढू शकतो, तो आकडा म्हणजे सीटीआर. पीसी८१७च्या डेटाशीटमध्ये तो ५० ते ६०० टक्के असा दिलेला असतो. छपाईची चूक नाही ही. एकाच नावाचे दोन पार्ट, एक दुसऱ्याच्या बारा पट जोरदार असू शकतो. म्हणून कंपन्या ते छाटून अक्षरं देतात: ए म्हणजे ८० ते १६०, बी १३० ते २६०, सी २०० ते ४००, डी ३०० ते ६००. अक्षर नसलेला घेतला तर काहीही असू शकतं.

आता हिशेब सर्वात वाईट पार्ट धरून करायचा. एलईडीत ४.४ मिलिअँप, सीटीआर ५० टक्के, म्हणजे ट्रान्झिस्टर किमान २.२ मिलिअँप ओढेल. कलेक्टरला ३.३ व्होल्टकडे १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर, लावला, तर पिन पूर्ण खाली आणायला लागतात फक्त ०.३३ मिलिअँप. म्हणजे हाताशी सहा-सात पट राखीव आहे.

एवढं राखीव कशाला? एलईडी वर्षानुवर्षं जळून मंद होतो. तापलेल्या पॅनेलमध्ये आणखी लवकर. तापमानाबरोबर सीटीआरही घटतो. शिवाय एलईडीचा करंट ५ मिलिअँपच्या खाली गेला की टक्केवारीच कमी होते, नुसता आकडा नव्हे. आज सीटीआर अर्धा झाला तरी आपलं सर्किट हलत नाही, हे त्या राखीवाचं काम.

याउलट कोणी १ किलोओहमचा पुल-अप लावला तर पिन खाली आणायला ३.३ मिलिअँप लागतील. हाती सी अक्षराचा पार्ट असेल तर टेबलावर सुरळीत चालेल. पुढच्या खेपेला दुकानदाराने बिनअक्षराचा दिला की पिनवर १ ते दीड व्होल्ट लोंबकळत राहतील, आणि ईएसपी३२ कधी शून्य वाचेल, कधी एक. मग लोक प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. ‘टेबलावर चालतं, साईटवर नाही’ या जातीच्या तक्रारी आल्या की मी आधी पुल-अप आणि सीटीआरचा हा भागाकार विचारतो.

जोडणी: पाय ४ कलेक्टर, त्याला १० किलोओहम ३.३ व्होल्टकडे, आणि तिथूनच एक वायर ईएसपी३२च्या पिनला. पाय ३ एमिटर, बोर्ड ग्राउंडला. ईएसपी३२च्या आतला पुल-अप वापरू नका असं मी सांगेन. तो साधारण ४५ किलोओहमचा असतो, वायर जरा लांब झाली की आवाज पकडतो. त्यातून ३४ ते ३९ या पिनांना तो नसतोच.

पिन निवडतानाही एक खड्डा आहे. ईएसपी३२ची १२ नंबरची पिन सुरू होताना वर ओढलेली असेल तर फ्लॅशचा व्होल्टेज चुकीचा निवडला जातो आणि बोर्ड उठतच नाही. आपला १० किलोओहमचा पुल-अप नेमकं तेच करतो. शून्य नंबरची पिन सुरुवातीला खाली असेल, म्हणजे सेन्सरसमोर धातू असताना लाईट आली, तर बोर्ड प्रोग्राम भरून घ्यायच्या मोडमध्ये जाऊन बसतो. २५, २६, २७, ३२, ३३ यांपैकी एक घ्या.

आणि हो, सिग्नल उलटा येतो. सेन्सर चालू तर पिन शून्य. मोजणी करताना इंटरप्ट (पिन बदलताच प्रोग्रामला मिळणारा इशारा) वरून खाली येणाऱ्या कडेवर लावा, एवढंच. उलटा नकोच असेल तर कलेक्टर सरळ ३.३ व्होल्टला द्या आणि १० किलोओहम एमिटर ते ग्राउंड लावून एमिटरवरून सिग्नल घ्या. मला पहिली पद्धत बरी वाटते: सेन्सर चालू असताना पिन ट्रान्झिस्टरने घट्ट धरलेली असते, आणि कलेक्टरवर ०.२ व्होल्ट दिसले की सगळं ठीक, ही एक सोपी खूण मिळते.

पायरी ४: झिरो बोर्डावर बसवताना

पीसी८१७च्या दोन रांगांत ७.६२ मिलिमीटर अंतर असतं. झिरो बोर्डाची भोकं २.५४ मिलिमीटरवर. म्हणजे पार्टच्या पोटाखाली भोकांच्या दोन ओळी येतात, आणि प्रत्येक भोकाभोवती तांब्याचं वर्तुळ. ती वर्तुळं म्हणजे ओढ्यात ठेवलेले दगड. अंतर साडेसात मिलिमीटर दिसत असलं तरी वीज एकेका दगडावर पाय ठेवत पलीकडे जाऊ शकते. २४ व्होल्टला त्याने काही बिघडत नाही. २३० असेल तर ती वर्तुळं काढून टाका. ४-५ मिलिमीटरचं ड्रिलचं पातं हाताने त्या भोकावर फिरवलं की तांबं निघून येतं, मशीन लागत नाही. सोल्डर झाल्यावर तिथे साचलेला फ्लक्स आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. फ्लक्सवर धूळ आणि पावसाळ्यातली ओल बसली की तिथून करंट गळतो.

पीसीबी बनवून घेत असाल तर ग्राउंडचा पसरलेला थर ऑप्टोकप्लरच्या पोटाखालून जाऊ देऊ नका. सॉफ्टवेअर तो आपोआप भरतं आणि आपल्याला कळतही नाही. २३० व्होल्टच्या बोर्डावर पोटाखाली आरपार खाच पाडून घ्या. ब्रेडबोर्डवर २३० व्होल्ट कधीच नाही. यात चर्चेला जागा नाही.

डेटाशीटवरच्या ५००० व्होल्ट या आकड्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. तो एका मिनिटाच्या चाचणीचा आकडा आहे. रोज ५००० व्होल्ट लावून ठेवता येतील असा त्याचा अर्थ नाही. आणि पार्टने कितीही सोसलं तरी बाजूच्या दोन सोल्डरच्या टिपक्यांत दोन मिलिमीटर अंतर असेल, तर तुमचं आयसोलेशन तेवढ्या दोन मिलिमीटरचं.

पायरी ५: तपासणी

आधी सगळं बंद. मल्टिमीटर बजरवर, एक प्रोब मशीन मायनसला, दुसरा बोर्ड ग्राउंडला. बजर वाजता कामा नये. मग मीटर सर्वात मोठ्या रेझिस्टन्सच्या रेंजवर. प्रोबच्या टोकांना दोन्ही हातांची बोटं लावू नका, नाहीतर मीटर तुमच्याच शरीराचा रेझिस्टन्स दाखवेल आणि तुम्ही बोर्डाला दोष द्याल.

ही तपासणी नुसत्या बोर्डावर करून थांबू नका. सेन्सर, दोन्ही अडॅप्टर, यूएसबी केबल, सगळं जसं प्रत्यक्षात राहणार तसं जोडून पुन्हा करा. इथे गंमत कळते. बऱ्याच पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा मायनस अर्थिंगला बांधलेला असतो. तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिनचा प्लग असेल तर बहुतेकदा त्याचा ग्राउंडही अर्थिंगला गेलेला असतो, आणि यूएसबीमधून तोच ईएसपी३२चा ग्राउंड होतो. म्हणजे ऑप्टोकप्लर जागेवर असूनही दोन बाजू इमारतीच्या अर्थिंगमधून हातमिळवणी करतात. प्रोग्राम भरताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. मशीन नीट चालतं पण यूएसबी लावली की मोजणी बहकते, यामागे बहुधा हेच असतं. केबलच्या शील्डची जाळीही एकाच टोकाला बांधा, दोन्ही टोकांना नाही.

आता सप्लाय द्या. सेन्सरसमोर पाना धरा. पाय १ आणि २च्या मध्ये १.१ ते १.२ व्होल्ट दिसले पाहिजेत. कलेक्टर आणि बोर्ड ग्राउंडमध्ये ०.२ व्होल्ट किंवा कमी. पाना काढला की ३.३. कलेक्टरवर अधलंमधलं काही दिसलं तर पायरी ३वर परत जा. एलईडीवर शून्य दिसलं तर करंट पोचतच नाही, सेन्सर आणि वायर तपासा. १.२ ऐवजी ०.७ दिसलं तर डायोड उलटा बसला आहे. उणे ०.७ दिसलं तर डायोड बरोबर आहे, पण सेन्सरकडून येणारी वायर उलटी आहे.

ऑसिलोस्कोप असेल तर एक सावधगिरी. दोन प्रोब दोन बाजूंना लावून सिग्नल शेजारी-शेजारी बघायचा मोह होतो. दोन्ही प्रोबच्या ग्राउंड क्लिपा स्कोपच्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि त्या अर्थिंगलाही. दोन्ही क्लिपा लावल्या की आयसोलेशन तुम्हीच संपवलंत. एका बाजूला २३० व्होल्ट असतील तर धमाकाच. एका वेळी एकच बाजू बघा, आणि २३० व्होल्टच्या बाजूला साध्या प्रोबची क्लिप लावूच नका.

वेग हवा असेल तर

नग मोजायला पीसी८१७ हवा तेवढा वेगवान आहे. सिरियल डेटा पाठवायचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. डेटाशीटमध्ये चालू-बंद व्हायला ३-४ मायक्रोसेकंद लिहिलेले दिसतात, पण ते १०० ओहमच्या भाराला. १० किलोओहमच्या पुल-अपला बंद व्हायला कित्येक दहा मायक्रोसेकंद लागतात, कारण पूर्ण चालू झालेला ट्रान्झिस्टर पोटात साठलेला चार्ज हळूहळू सोडतो. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एका बिटला १०४ मायक्रोसेकंद मिळतात, म्हणजे तिथेच ओढाताण सुरू होते. पुल-अप कमी करून आणि एलईडीचा करंट वाढवून थोडं पुढे जाता येतं. ११५२०० बॉडला एक बिट फक्त ८.७ मायक्रोसेकंदांचा, तिथे पीसी८१७शी झगडत बसू नका, ६एन१३७ घ्या. तो सेकंदाला १ कोटी बिटांपर्यंत जातो. त्याला आउटपुटच्या बाजूला ५ व्होल्टचा सप्लाय लागतो, आणि पाय ५ व ८ला चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतोच. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते पिन फक्त खाली ओढतं, त्यामुळे पुल-अप ३.३ व्होल्टकडे दिला तर ईएसपी३२ही सुरक्षित.

आयस्क्वेअरसी, म्हणजे चिपांना दोन वायरींवर जोडण्याची पद्धत, साध्या ऑप्टोकप्लरने करू नका. तिथे एकाच वायरीवर डेटा दोन्ही दिशांनी जातो. त्यासाठी तयार डिजिटल आयसोलेटर मिळतात.

लाईट आहे का, हे बघायचं असेल तर

हेच सर्किट २३० व्होल्टवर वापरता येतं. पण हे काम पहिल्यांदा करताना २३० व्होल्ट हाताळलेला माणूस शेजारी असू द्या.

फेजमध्ये ४७ किलोओहम, न्यूट्रलमध्ये ४७ किलोओहम, मध्ये ऑप्टोकप्लरचा एलईडी आणि त्याला समांतर उलटा १एन४१४८. फेजच्या वायरीत आधी छोटा फ्यूज. एकच रेझिस्टर न लावता दोन का? साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरला व्होल्टची मर्यादा साधारण २५०ची असते आणि २३० व्होल्टचं शिखर ३२५ला जातं. दोघांत वाटलं की प्रत्येकावर अर्धंच येतं. शिवाय प्लग उलटा बसला तरी दोन्ही वायरींत अडसर राहतो. उष्णता दोन्हींत मिळून सुमारे ०.५६ वॅट, व्होल्टेज चढला की आणखी, म्हणून दोन्ही १ वॅटचे घ्या. एलईडीत शिखराला ३.५ मिलिअँप जातात; १० किलोओहमच्या पुल-अपला ते पुरेसे आहेत.

आउटपुट मात्र सलग येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि एलईडी फक्त एका अर्ध्यात पेटतो, त्यामुळे दर २० मिलिसेकंदांनी पिन जेमतेम ९ मिलिसेकंद खाली येते. नुसतं पिन वाचून निर्णय घेतला तर ‘लाईट आली, गेली, आली’ असं चालू राहील. प्रोग्राममध्ये शेवटची खाली येणारी कड कधी दिसली ते लक्षात ठेवा, ६० मिलिसेकंद दिसली नाही तर लाईट गेली समजा.

शेतपंपावर तीन फेज आहेत का हे बघायला अनेकांना हे करायचं असतं. न्यूट्रल हाताशी नसेल तर दोन फेजच्या मध्ये जोडा, पण मग ४१५ व्होल्ट धरा: ४७ किलोओहमचे चार रेझिस्टर, दोन-दोन प्रत्येक वायरीत. मोटर सुरू करण्याआधी तिन्ही फेज आहेत का, एवढं यावरून कळतं. मोटर चालू असताना एखादा फेज गेला तर मात्र यावर भिस्त ठेवू नका. फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि ऑप्टोकप्लर बिनधास्त ‘फेज आहे’ सांगत राहतो. त्यासाठी मोटरचा करंट मोजावा लागतो.

उलट दिशेने: बोर्डाकडून बाहेर

ईएसपी३२कडून ऑप्टोकप्लर चालवायचा तर ३.३ वजा १.२ म्हणजे २.१ व्होल्ट उरतात. ४७० ओहम लावले की साडेचार मिलिअँप. पीसी८१७ला पुरे. ट्रायक (एसी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवणाऱ्या एमओसी३०२१ला मात्र १५ मिलिअँपपर्यंत लागू शकतात, त्यापेक्षा ५ मिलिअँपवाला एमओसी३०६३ घ्या. तो ६०० व्होल्टचा आहे आणि एसीची लाट शून्यावर असतानाच चालू होतो, त्यामुळे झटका कमी. पण पंख्याचा किंवा दिव्याचा वेग-उजेड कमीजास्त करायचा असेल तर हा चालत नाही. तिथे शून्याची वाट न बघणारा, एमओसी३०५२सारखा लागतो.

तयार निळ्या रिलेची मॉड्युलं घेणाऱ्यांनी मॉड्युलच्या कडेला एक तीन पायांची जागा बघावी: जेडी-व्हीसीसी, व्हीसीसी, ग्राउंड. पहिल्या दोन पायांवर एक छोटा जंपर असतो. तो तसाच ठेवला तर रिलेची कॉइल आणि तुमचा बोर्ड एकाच सप्लायवर येतात आणि मॉड्युलवरचा ऑप्टोकप्लर शोभेला उरतो. जंपर काढा. जेडी-व्हीसीसी आणि त्याच्या शेजारच्या ग्राउंडला वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर द्या. इनपुटच्या पट्टीवर फक्त व्हीसीसी आणि सिग्नलच्या वायरी बोर्डाकडून आणा. त्या पट्टीवरचा ग्राउंड मोकळा सोडा. ‘ग्राउंड जोडल्याशिवाय चालेल कसं’ असं कोणीतरी म्हणेलच. चालतं, कारण एलईडीचा करंट व्हीसीसीतून येऊन सिग्नलच्या पिनमधून बोर्डाकडेच परत जातो. म्हणूनच ही मॉड्युलं पिन शून्य केली की चालू होतात.

व्हीसीसी ३.३ व्होल्टला जोडला तर काही मॉड्युलांत रिले उचलत नाही, कारण ऑप्टोकप्लरच्या एलईडीबरोबर एक दिसणारा एलईडीही सिरीजमध्ये असतो आणि दोघांत मिळून जवळजवळ ३ व्होल्ट खर्च होतात. अशा वेळी व्हीसीसीला ईएसपी३२ बोर्डावरची ५ व्होल्टची पिन द्या. पिन ३.३ला वर गेली की दोन एलईडींवर फक्त १.७ व्होल्ट उरतात, त्यात ते पेटत नाहीत आणि रिले व्यवस्थित सुटतो.